लाईट आली की सुरू होणारं मशीन

मालवणात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे आणि जुना मदरबोर्ड घेऊन कुणी आलं की मी आधी चिडतो. "फेकून द्या हो," म्हणतो. आमच्या किनाऱ्यावर बोर्ड म्हातारे होत नाहीत, कुजतात. खारी हवा पंख्यातून आत शिरते, टोकांवर हिरवा कळंक चढतो, कपॅसिटर फुगतात आणि एखाद्या ओलसर सकाळी सगळं थंड. गिऱ्हाईक रडवेलं होऊन लग्नाच्या फोटोंचं विचारतं, तेव्हा मी हार्ड डिस्क काढून हातात ठेवतो. फोटो डिस्कमध्ये असतात, बोर्डात कुणाचं काही नसतं, हे मी त्यांना दर वेळी सांगतो.

आणि असं सांगणाऱ्या माझ्याच घरात, देवबागला, एक बोर्ड कधीचाच मरायला हवा होता, तो मी मरू दिला नव्हता.

तो माझ्या धाकट्या भावाचा. देवबाग म्हणजे एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी आणि मधे आम्ही. मीठ दोन्हीकडून येतं. अशा जागी त्यानं जुने सुटे भाग आणून स्वतः मशीन जोडलं होतं. होड्यांवरची नावं, नंबर, देवांची चित्रं असलं काय काय तो त्यावर बनवायचा आणि रेडियमच्या कागदात कापून होड्यांवर चिकटवायचा. आमच्याकडे लाईट जाते, येते, पुन्हा जाते. म्हणून त्यानं बोर्डात एक सेटिंग करून ठेवलं होतं. लाईट आली की मशीन आपोआप सुरू व्हायचं. तो अंगणात जाळी विणणाऱ्यांशी गप्पा छाटत असला तरी आत काम तयार.

मग एका तापाचं निमित्त झालं. गोव्याला नेला, तो तिथून बोलत परत आला नाही.

तेरावं झालं, पाहुणे पांगले. तिन्हीसांजेला लाईट गेली आणि थोड्या वेळानं आली. त्याच्या बंद खोलीतून एक बीप ऐकू आला, मग पंख्याची घरघर. दाराखालच्या फटीतून निळा उजेड बाहेर आला. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. ते सेटिंग मला माहीत होतं, तरीही आला. मी खोलीकडे धावलो, तशी आई स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि हळूच म्हणाली, "इलो." म्हणजे आला.

मी आत जाऊन त्याच्या खाटेवर बसलो. मागून आई दोन कप चहा घेऊन आली. एक तिनं स्वतःपुढे ठेवला, दुसरा कीबोर्डच्या बाजूला. आमच्याकडे गेलेल्या माणसाच्या आवडीचं पानावर वाढून ठेवतात. हा त्यातलाच प्रकार, मी समजलो. चहा तिथे राहिला तर मुंग्या थेट कीबोर्डात, म्हणून तो मी पिऊन टाकला. मेलेल्याच्या वाट्याचा चहा, म्हणून चव न घेता एका दमात.

तेव्हापासून तीच रीत पडली. लाईट यायची, बीप वाजायचा, मी धावायचो, आई "इलो" म्हणायची, चहा ठेवायची आणि आम्ही दोघं निळ्या पडद्यासमोर गप्प बसायचो. कधी कधी मला खरंच वाटायचं की खाटेचं दुसरं टोक दबलंय. तिकडे बघायची माझी हिंमत होत नसे. खाडीतून त्याच्या अक्षरांच्या होड्या जायच्या, तेव्हाही मी मान फिरवायचो.

आईचा झील, तिचा धाकटा मुलगा, तिच्यापासून तुटू नये म्हणून मी तो बोर्ड सांभाळला. फुगलेले कपॅसिटर बदलले. रॅम काढून रबरानं घासली. पावसाळ्यात ओल धरू नये म्हणून मशीनच्या बाजूला दिवसभर बल्ब लावून ठेवला. गिऱ्हाइकासाठी यातलं निम्मंही केलं नसतं.

यंदा एका संध्याकाळी लाईट आली आणि खोलीतून काहीच आवाज आला नाही. आई स्वयंपाकघराच्या दारात बराच वेळ उभी राहिली, मग मागे वळली. तो दुसऱ्यांदा गेला, असंच वाटलं मला.

दुसऱ्या दिवशी दुकानातून येताना नवा सेल आणला. बोर्डावर एक बटणाएवढा सेल असतो. तो संपला की लाईट जाताच बोर्ड तारीखही विसरतो आणि सेटिंगही. सेल बसवून मशीन सुरू केलं, तर पडद्यावर बोर्ड कारखान्यातून निघाला तेव्हाची तारीख. त्या तारखेला माझा भाऊ शाळकरी पोर होता, दप्तर होडीत लपवून खाडीत पोहायचा. मशीनच्या लेखी तो अजून होता. आजची तारीख टाकायची म्हणजे तो मेलाय हे मीच लिहून द्यायचं. माझं बोट उठेना.

"काय करतंस रे?" दारात आई उभी होती.

"आये, हेचो सेल गेलो होतो. आता लाईट इली की पयल्यासारखो येतलो तो. तू काळजी करू नको."

"कोण येतलो?" ती आत आली. "खुळो की काय तू? लाईट इली की ता आपसूक चालू जाता, तेनाच माका दाखवल्यान होता."

"मगे तू 'इलो' म्हणतंस ता? आणि चाय ठेवतंस ती?"

"तेका चाय गोड लागायची. मी ठेवतंय तेच्यात साखर खंय आसता?" ती माझ्या बाजूला खाटेवर बसली. "ती तुजी. तो गेल्यापासून तू घरात कोणाशी बोलणस नाय. ह्या मशीन वाजला काय धावत येतंस, माज्या बाजूक बसतंस. 'इलो' म्हणतंय ता तुकाच. माका जितो झील तेवढ्याच वेळाक गावता, रे."

बिनसाखरेचा चहा घरात मीच पितो, आणि इतकी वर्षं त्या खोलीतला कपही तसाच होता. माझ्या जिभेला ते एकदाही कळलं नव्हतं. मला रडू फुटलं, आणि आईनं ते फुटू दिलं.

मग मी आजची तारीख टाकली. लाईट आली की सुरू होण्याचं सेटिंग मात्र पुन्हा केलं नाही.

चार दिवसांनी लाईट गेली, आली. भावाच्या खोलीत अंधारच राहिला, आणि ती शांतता सगळ्या घराला ऐकू येत होती. मी उठून स्वयंपाकघरात गेलो. आई वाटण वाटत होती. मी विचारलं, "आये, आज म्हावरा काय गावला?"

तिनं हातातलं काम थांबवलं आणि कुठली मासळी मिळाली ते सांगायला लागली. मी पाट ओढून खाली बसलो.