श्रावणात मासे बंद

सिंगापुरात हौगांगला आमच्या ब्लॉकखालच्या कॉफीशॉपमध्ये, म्हणजे खाण्याच्या स्टॉलांच्या हॉलमध्ये, एका मालवणी माणसाचा स्टॉल होता. दोन हजार सालानंतरची पहिली काही वर्षं. आधी तो मालवाहू जहाजावर स्वयंपाकी होता. सुटीवर घरी आलेल्या बापाला मुलीनं ‘अंकल’ म्हटलं, तेव्हा त्यानं जहाज सोडलं. स्टॉल चालला तर घरी राहायचं, नाहीतर परत समुद्र, एवढी साधी गोष्ट.

चालत होता. तिरफळ घातलेलं बांगड्याचं कालवण आणि भात. दुपारी बसचे ड्रायव्हर, गॅरेजवाले, मार्केटातले चिनी म्हातारे रांगेत उभे. तो सगळ्यांना बॉस म्हणायचा, सगळे त्याला बॉस.

मग आपल्या मराठी लोकांना त्याचा शोध लागला. इथल्या मराठी मंडळात तेव्हा ‘आपल्या उद्योजकाला हात द्या’ असं वारं होतं. शनिवार-रविवार बँकवाले, अकाउंटंट, पार शहराच्या दुसऱ्या टोकाहून मुलाबाळांसकट यायला लागले. मलाही बरं वाटायचं. पण आषाढ सरता सरता मंडळातल्या एका ज्येष्ठ काकांनी त्याला बाजूला घेतलं. श्रावणात आम्ही यायचं कसं? महिनाभर मासे बंद ठेव, खिचडी, थालीपीठ, अळूवडी कर, सगळे तुझ्याकडेच जेवतील. तो हो म्हणाला.

त्याची बायको वर माझ्याकडे आली. “ताई, तुम्ही शिकलेल्या. मासे बंद नको म्हणून सांगा, तुमचं ऐकतील ते.”

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. त्याचा मला अभिमान आहे, लपवत नाही. पण धंद्यातलं जे कळतं ते बी.कॉम.मुळे नाही. वडील मिरजेच्या स्टँडजवळ पंक्चर काढायचे. सणालाही दुकान उघडं. म्हणायचे, ज्याची हवा गेली त्याला तिथी सांगायची नसते.

तेच मी खाली जाऊन सांगितलं. तो तवा घासत ऐकत राहिला. घरी स्वतःही श्रावण पाळायचा, त्यामुळे काकांचं म्हणणं त्याला वावगं वाटतच नव्हतं.

“ताई, आपलीच माणसां नाय इली तर ह्यां दुकान कोणासाठी?”

“ड्रायव्हरांसाठी,” मी म्हटलं.

तो हसला. त्याला वाटलं, मी गंमत करते.

श्रावण लागला. रोजचा एक चिनी म्हातारा खिचडीच्या परातीकडे बघत उभा राहिला. त्यांच्यातही पहिल्या आणि पंधराव्या तिथीला मांसमच्छी सोडतात, त्यामुळे त्याला कारण लगेच समजलं. “वन डे कॅन, बॉस. वन मंथ, हाऊ?” असं म्हणून तो शेजारच्या बदक-भाताच्या स्टॉलच्या रांगेत गेला. त्याच्या मागोमाग गॅरेजवाले.

शनिवारी आपली माणसं आली. अगदी घरच्यासारखं, म्हणाली, आणि टेबलं अडवून गप्पा मारत बसली. सोमवार ते शुक्रवार खिचडीचा गोळा होऊन जायचा, तो घरीच संपवावा लागायचा. गणपतीत तर कोणीच फिरकलं नाही, ज्याच्या त्याच्या घरी मोदक. त्यानंतर त्यानं पुन्हा बांगडे आणले. ड्रायव्हर लांबूनच हात करायचे आणि बदकाकडे वळायचे. सवय लागली होती.

मंडळाच्या बैठकीत मी उभी राहिले. म्हटलं, हात द्यायचा तर मंगळवारी द्या, शनिवारी कोणीही देईल. काका चिडले नाहीत. त्यांनी शांतपणे विचारलं, ऑफिस सोडून रोज हौगांगला कोण येणार? खरंच होतं ते.

“मग त्यानं काय शिजवायचं ते तुम्ही ठरवू नका,” मी म्हटलं.

चहा आला.

दिवाळीनंतर त्यानं स्टॉल सोडला आणि जहाज कंपनीला फोन लावला. मंडळानं त्याचा सत्कार ठेवला, मराठी उद्योजक म्हणून. मी गेले नाही, त्याच्या घरी गेले. बायको बॅग भरत होती. मी कपड्यांच्या घड्या घालू लागले. नवऱ्याचा सत्कार बघायला ती का गेली नाही, ते मी विचारलं नाही.

तो आला तो खांद्यावर शाल घेऊनच. नारळ ओट्यावर ठेवला. “सगळे सांगत होते, परत इलंस की पुन्हा सुरू कर, आम्ही आहोत.”

बायकोनं शेवटची घडी बॅगेत दाबली. मुलगी शालीचं टोक धरून विचारत होती, “पा, धिस टाइम हाऊ लाँग?”

त्यानं उत्तर द्यायच्या आत तिच्या आईनं तिला जेवायला हाक मारली.