शिबंदीचा शिधा

अग्रहारातल्या सरस्वतीबाई गच्चीवरच्या मधमाश्यांना शिबंदी म्हणायच्या. सासरचे पूर्वज म्हैसूरच्या फौजेतले. खंडेनवमीला तलवारीशेजारी मधपेट्यांनाही हळदकुंकू लागायचं, आणि दर अमावास्येला माश्यांना साखरेचा पाक. फुलं नसतात तेव्हा असा पाक माश्या पाळणारे सगळेच देतात. या घरात मात्र बारा महिने. शिबंदीचा शिधा तोडायचा नाही, ही सासूची शिस्त.

गल्लीतल्या देवळात अभिषेकाला मध त्यांचाच. बाईंचा सगळा ताठा त्यावर.

यंदा देवळाच्या कमिटीने सगळ्या जिन्नसांचे नमुने लॅबला धाडले. भेसळीविरुद्ध बोंब मारणाऱ्यांत बाईंचा शेजारी मीच पुढे होतो. आजही म्हणतो, तपासणी हवीच. पण निकाल सांगायलाही अक्कल लागते. सेक्रेटरी प्रद्युम्नने तो भर आरतीत वाचला.

"सरस्वतीबाईंच्या मधात उसाची साखर!"

"अय्यो! कोण म्हणतं रे?"

"मशीन म्हणतं, अक्का."

"मशीनला जीभ आहे काय? चाखून बघ म्हणावं!"

लोक हसले. मी तडक बाईंना घेऊन लॅबमध्ये भांडायला गेलो. तिथल्या तंत्रज्ञ स्मृतीने न चिडता सांगितलं. कार्बन दोन प्रकारचा असतो, एक हलका, एक किंचित जड. करंज-जांभळाच्या फुलांपेक्षा उसात जड कार्बन जरा जास्त. मध जाळून निघालेला वायू यंत्रात चुंबकापुढून सोडतात. हलके कण जास्त वळतात, जड कमी, त्यावरून प्रमाण कळतं.

"आजी, यंत्राला साखर दिसते. कुणी घातली ते दिसत नाही."

"बाटलीत नाही घातली, नोडी, बघ. माश्यांना घातली."

"तीच त्यांनी पोळ्यात साठवली."

बाई खुर्चीत बसल्या. "म्हणजे इतकी वर्षं देवाला मी पाकच पाजला?"

स्मृतीने उपाय सांगितला. जुना साठा काढून टाका, फुलोऱ्यात पाक बंद ठेवा, मग नवा नमुना द्या. बाईंनी अक्षरशः तसं केलं. पुढे करंज फुलला आणि वळवाने झोडपून काढला. फुलं गटारात. पोळ्यात साठा नाही, बाहेर चारा नाही. माश्या पेटीच्या तोंडाशी सुस्त बसू लागल्या.

"अक्का, थोडा पाक ठेवा," मी म्हणालो.

"बेड, नको. परत चोर ठरायचं नाही मला."

त्याच आठवड्यात माश्या पेट्या सोडून गेल्या. नमुना द्यायला मधच उरला नाही.

देवळात आता दुकानातली बाटली येते. "तिचा रिपोर्ट चोख आहे," प्रद्युम्न मला ऐकवतो. बाई बाजाराला मागच्या गल्लीने जातात.