पाहुण्यांसाठी बुजवलेली भेग

माझं लग्न दोनदा जुळता जुळता राहिलं, ते घराच्या दर्शनी भिंतीला पडलेल्या भेगेमुळे, असं बाबांचं ठाम मत होतं. परतवाड्याचे पाहुणे घर पाहायला आले, चहा पिताना एकाची नजर भेगेवर गेली आणि चार दिवसांनी नकार आला. चांदूर रेल्वेच्या पाहुण्यांचंही तेच. मी तेव्हा छत्तीस पूर्ण केलेला, खासगी शाळेत कारकून, आणि माझं कपाळ दरवर्षी बोटभर मागे सरकत होतं. नकार द्यायला एवढं पुरेसं होतं. पण बाबांना ते दिसत नव्हतं आणि मीही दाखवायला गेलो नाही.

अमरावतीत आमचं ले-आउट, म्हणजे प्लॉट पाडून वसवलेली वस्ती आहे, तिथं पूर्वी कपाशी पिकायची. खाली सगळी काळी माती. उन्हाळ्यात ती फाटते आणि वरच्या घरालाही सोबत घेते. पावसाळ्यात फुगते आणि भेगा मिटतात. हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. बाबांनी तर अर्धं आयुष्य याच मातीत नांगर धरला होता. तरीही मे महिन्यात मोर्शीचे पाहुणे येणार म्हटल्यावर त्यांनी आईचा कंगवा घेतला आणि भेग किती खोल आहे ते पाहायला आत सरकवला. तो आत पडला. आमच्याकडे कंगवा तो एकच होता, त्यामुळे दोन दिवस आई बोलली नाही.

मग मिस्त्री आले. त्यांनी थापीच्या दांड्यानं भिंत ठोकून पाहिली. "काकाजी, आत्ता भराल तं फुकट जाईन. खाली काली मट्टी हाय. मिरुग लागू द्या, मंग पाहू."

"पाहुने मिरगाले थांबत नाईत," बाबा म्हणाले.

मिस्त्रींनी छिन्नी काढली आणि भेग आणखी रुंद करायला घेतली. मसाला धरायला तसं करावंच लागतं. बाबांचा जीव खालीवर झाला. "बुजवायले बोलावलं का वाढवायले?" ते ओरडले. मिस्त्रींनी मान वर न करता काम चालू ठेवलं. आत कंगवा दिसला, पण निघेना, म्हणून तो तसाच ठेवून वरून जाळी मारली आणि प्लास्टर केलं.

त्यानंतर तराई. प्लास्टरला सात दिवस पाणी पाजायचं असतं. आमच्याकडे नळ दिवसाआड. भिंतीची अंघोळ दिवसातून चार वेळा, आमची एका बादलीत तिघांची. दुपारी ऊन लागू नये म्हणून बाबा भिंतीवर छत्री धरून उभे राहायचे, स्वतः उन्हात. शेजारच्या काकू आधी भिंतीची विचारपूस करायच्या, मग माझी. सांगतो, मला त्या भिंतीचा मत्सर वाटायला लागला होता. राग यायचा बाबांचा, आणि त्यांचा घामानं भिजलेला सदरा दिसला की तो राग कुठं ठेवावा हेही कळायचं नाही.

रविवारी मोर्शीचे पाहुणे आले, मुलीचे वडील आणि मामा. बाबांनी खुर्च्या अंगणात, बरोब्बर भिंतीसमोर टाकल्या. मी आलुपोह्यांची बशी घेऊन उभा.

"पोरगा काय करते?" मुलीच्या वडिलांनी विचारलं.

"करते ना शाळेत. पन ही भिंत पाहा तुमी," बाबा म्हणाले. "हात फिरवून पाहा."

दोघांनी हात फिरवला. मामांनी कान लावून भिंत ठोकली. संत्र्याच्या बागेत बांधलेल्या खोलीचं प्लास्टर कसं सुटलं ते त्यांनी सांगितलं, मग तासभर तेच. निघताना मुलीचे वडील म्हणाले, "भिंत मानली बा तुमची." बाबा त्यांना सोडायला फाटकापर्यंत गेले ते वरातीत चालल्यासारखेच.

गुरुवारी मध्यस्थांचा फोन आला. नकार होता. "कावून?" बाबांनी विचारलं. पलीकडून कारण असं काही मिळालं नाही.

बाबांनी फोन खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच असं थेट, कपाळापासून चपलेपर्यंत. मी मान खाली घातली. आई चहा ठेवायला आत गेली. बाबा उठून बाहेर गेले. खिडकीतून मला ते घराभोवती फिरताना दिसत होते, भिंतीला नाक लावून, हळूहळू, एकेक पाऊल.

मग मागून त्यांची हाक आली, एकदम ओझं उतरल्यासारख्या आवाजातली. "ये बाबू! इकडं ये! हे पाह्य!"

मी धावत गेलो. संडासच्या पाइपमागे, पाहुणे जिथं फिरकलेही नव्हते तिथं, केसाएवढी रेघ होती. मी वाकून खूप वेळ पाहिलं.

"हो बाबा," मी म्हणालो. "हीच दिसली असेल त्यांना."