भर नदीत मरणारं इंजिन

थ्रॉटलचा दांडा अर्ध्यावर होता तोवर सगळं ठीक होतं. पुढं ढकलला, बोटीनं नाक उचललं आणि इंजिन दोन आचके देऊन बंद पडलं. आम्ही कृष्णेच्या मधोमध. गावच्या नावाड्यानं, शिवानं, वल्हं उचललं. त्याला याची सवय झाली होती, आणि तेच बघून मला जास्त वाईट वाटलं.

"हे असंच हुतंय मेजर," तो म्हणाला. "हळू चालवा, लय वेळ चालतंय. जोर मागितला की मरतंय."

मी मेजर नाही. इंजिनिअर रेजिमेंटमधून हवालदार म्हणून रिटायर झालो. पण सातारा-सांगलीकडं पेन्शनवर आलेला प्रत्येक फौजी मेजरच असतो. गाव माझं म्हसवडच्या बाजूचं. तिथं उन्हाळ्यात पाण्याचा टँकर यायचा, त्यामुळं मी नोकरीत बोटीची इंजिनं शिकलो याचं वडिलांना शेवटपर्यंत हसू यायचं. रिटायर झाल्यावर सांगलीत, विश्रामबागला, छोटं वर्कशॉप टाकलं. शेतीपंप, जनरेटर असलं काम. महापुरानंतर गावोगावी बोटी आल्या, तशी आउटबोर्ड इंजिनंही माझ्याकडं येऊ लागली. आउटबोर्ड म्हणजे बोटीच्या मागच्या फळीला अडकवायचं इंजिन. आता वर्कशॉप बंद आहे. मुलगा म्हणाला, बाबा, बास झालं. पण रस्त्यानं जाताना कुठं टू-स्ट्रोकचा निळा धूर दिसला की माझे पाय अजून थांबतात. त्या धुरात अर्धं आयुष्य गेलं आणि खरं सांगायचं तर बरं गेलं.

शिवाचं गाव आष्ट्याकडून नदीकडं उतरलं की लागतं. त्याच्या घरात नाव चालवणं पिढीजात. पूल नव्हता तेव्हा त्याचे आजोबा अख्ख्या गावाला पलीकडं न्यायचे. म्हणून गावाला बोट मिळाली तेव्हा ती शिवाच्याच हाती दिली. पहिलं वर्ष छान गेलं. पुढच्या पुरात सरपंच सुनंदाताई, त्यांची सासू आणि शेजारची चार माणसं घेऊन तो निघाला, आणि धारेला लागल्यावर इंजिन मेलं. बोट वाहत जाऊन बाभळीच्या शेंड्यात अडकली म्हणून सगळे वाचले. पण गावानं शिवाला सोडलं नाही. कुणी म्हणालं, पिऊन होता. कुणी म्हणालं, पेट्रोल विकून रॉकेल घातलं. माणूस सुपारीसुद्धा खात नव्हता.

त्या दिवशी मी काठावर उतरलो तेव्हा सुनंदाताई उभ्याच होत्या.

"सोमवारी तहसीलची मानसं येत्यात. डेमो हाय. चालली तर चालली, न्हाईतर बोट दुसऱ्या गावाला देऊन टाकनार."

"आणि चालली तर?"

"तर गावाला ऱ्हाईल. पर शिवा चालवनार असंल तर मी पाय ठेवनार न्हाई. आन मी न्हाई बसली तर एक बी बाई बसनार न्हाई. छपरावर बसून मरतील."

"इंजिनातच दोष असला तर?"

"मग वरीसभर सापडला का न्हाई?"

इंजिन बोटीवरून सोडवून टेम्पोत टाकलं आणि विश्रामबागला वर्कशॉपवर आलो; तेव्हा ते चालू होतं.

आमचे उस्ताद सांगायचे, इंजिन म्हणजे सासरी आलेली पोर. बोलत नाही, पण तिला काय पाहिजे ते ठरलेलं असतं: ठिणगी, पेट्रोल, हवा. त्यातलं काय कमी पडतंय तेवढं ओळखा. मी त्याच क्रमानं गेलो. प्लग काढले, ठिणगी निळी-कडक. कार्बोरेटर उघडला. पेट्रोल आणि हवा एकत्र करून इंजिनला भरवणारा हा भाग. त्याची बारीक भोकं कचऱ्यानं बुजली की इंजिन जोर दिल्यावर असंच दम सोडतं. पण भोकं साफ होती. फिल्टर बदलला. बोटीच्या टाकीतलं थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत आणलं होतं, ते ठेवून बघितलं. खाली पाणी साचलं नाही, वास घेतला तर रॉकेलही नाही. मी लगेच शिवाला फोन केला.

"रॉकेल नाही रे. मी कुणालाही सांगायला तयार आहे."

तो म्हणाला, "आईला सांगतो."

मग इंजिन पाण्याच्या पिंपात उभं करून चालवलं. पूर्ण थ्रॉटल दिला. इंजिन असं गरजलं की शेजारचा टेलर बाहेर येऊन बघून गेला. मी खूश. रविवारी परत नेऊन बोटीला बसवलं, नदीत घातलं, थ्रॉटल ढकलला. जरा पळालं आणि मेलं.

मी वल्ह्यांवर हात ठेवून तसाच बसलो. लाज वाटली, राग आला, आणि मग डोकं चालायला लागलं. पिंपात चाललं, नदीत नाही. फरक काय? पिंपात ओझं नव्हतं, ते खरं. पण आणखी एक फरक होता. वर्कशॉपमध्ये इंजिन गावाचं होतं, टाकी माझी होती.

टाकीपासून इंजिनपर्यंत रबरी नळी जाते. तिच्या मधे मुठीएवढा रबरी फुगा असतो, सुरुवातीला दाबून पेट्रोल चढवायला. मी तो हातात घेतला. वाळलेल्या लिंबासारखा चपटा झाला होता. इंजिन ओढतंय आणि टाकी देत नाही, असा त्याचा अर्थ. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल गचके देत येतं. दुसरं भोक पाडलं की हवा आत जाते आणि धार लागते. बोटीच्या टाकीला ते दुसरं भोक झाकणात असतं, त्यावर एक छोटा स्क्रू. बोट निघताना तो सैल करायचा. स्क्रू सैल होता, हे मी पहिल्याच दिवशी बघितलं होतं. तरी झाकण फिरवलं. टाकीनं फुस्स करून हवा आत ओढली आणि माझ्या हातातला फुगा टम्म फुगला.

स्क्रू पूर्ण काढला. खालचं भोक लाल होतं.

आमच्या भागात खंडेनवमीला प्रत्येक यंत्राची पूजा होते. मोटर, ट्रॅक्टर, उसाचा चरक. हळद-कुंकू तर असतंच, कुणी तेलात कालवलेला शेंदूरही थापतं. आम्ही मेकॅनिक लोक सगळं यंत्र पुसतो, तेवढा भाग सोडतो. देवाचं म्हणून. झाकणावर शेंदूर मीही बघितला होता आणि नेहमीप्रमाणं चिंधी त्याच्या भोवतीनं फिरवली होती. तो वाळून आत दगड झाला होता.

शिवानं झाकण बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला. "आईनं लावलाय. मी पुरात जातो म्हनून. इंजन तेलकट, त्यावर बसना, म्हनून टाकीला लावती." मग हळू आवाजात, "मेजर, तिला सांगू नगा. पार्ट खराब हुता म्हना."

"आणि तुझ्यावरचा आळ?"

"त्यो काय, अंगवळणी पडलाय."

मी तारेनं भोक मोकळं केलं, झाकण पेट्रोलनं घासून लख्ख केलं. बोट संध्याकाळपर्यंत फुल थ्रॉटलवर पळवली. एकदाही मेली नाही.

सोमवारी घाटावर गाव जमलं. शिवानं बोट उलट्या धारेवर वरपर्यंत नेली, वळवली, तशीच परत आणली. तहसीलच्या साहेबांनी मान डोलावली. सुनंदाताई माझ्याकडं वळल्या.

"काय हुतं मग?"

"टाकीत हवा जात नव्हती. भोक बुजलं होतं."

"कशानं?"

शिवा खाली बघून दोर गुंडाळत होता. "घाण बसली होती," मी म्हणालो.

शिवाची आई, येसाबाई, पुढं आल्या. वाकून त्यांनी टाकीच्या झाकणावरून अंगठा फिरवला. रोजचा हात होता, त्याला काय पुसलं गेलंय ते कळलं.

"घाण न्हवती," त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. "शेंदूर हुता. म्या लावलेला. सुनंदा, माज्या पोराला बोल लावू नगंस. तुमी समदी माज्या हातानं बुडत हुता."

तहसीलचे साहेब दुसरीकडं बघायला लागले. सुनंदाताईंनी चपला काढून हातात घेतल्या, पदर खोचला आणि बोटीत पाय ठेवला.

"काकी, तुमी बी या," त्या म्हणाल्या. "हितं बसा, माज्याजवळ. आन शिवा, हळू न्हेऊ नगंस."

माझे डोळे भरून आले, ते मी धुराच्या नावावर घातलं.

येसाबाई आता नाहीत. पूर त्यानंतरही आला, बोट त्यातून गेली आणि परत आली. पूजा अजून होते म्हणे, फक्त शेंदूर बोटीच्या नाकाला लागतो. मी मात्र वर्कशॉप बंद होईपर्यंत एक नियम पाळला. यंत्र आलं की आधी नमस्कार करायचा, आणि मग चिंधी घेऊन सगळं पुसायचं, देवासकट.