हळदकुंकवाचा डाग

पालव मावशी व्हिडिओ गेममध्ये लाल सिग्नल लागला की गाडी थांबवायच्या. मागून धडाधड गाड्या येऊन आदळत, टीव्हीवर हॉर्नचा नुसता कल्ला, पण मावशी ढिम्म. सिग्नल हिरवा झाला की मगच रिमोटचं बटण दाबायचं. वळायचं असेल तर आधी डावा किंवा उजवा हात हवेत बाहेर काढायचा. त्यांच्या हॉलमध्ये, सोफ्यावर बसून! "मावशी, गेममध्ये कुणाला दिसतोय तुमचा हात?" असं मी पहिल्याच दिवशी विचारलं. त्या म्हणाल्या, "माका दिसता मां? रस्तो सगळ्यांचो आसा, झिला."

कांदिवलीला माझं छोटंसं दुकान आहे, जुने मोबाइल आणि जुने गेम घेण्या-विकण्याचं. मावशी मागच्याच बिल्डिंगमध्ये राहायच्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. मुलगा प्रशांत दुबईला गेला आणि जाताना टीव्हीला जोडायचा आपला गेमचा कन्सोल आणि चौदा गेम घरीच ठेवून गेला. गुडघे दुखतात म्हणून मावशींचं बाहेर जाणं कमी झालं, तेव्हा त्यांनी तो कन्सोल लावला आणि गाडी चालवायला शिकल्या. रिमोट बिघडला म्हणून मला घरी बोलावलं, ती आमची ओळख. बाकीच्या तेरा गेमना त्यांनी कधी हात लावला नाही, पण आठवड्याला सगळे फडक्याने पुसायच्या. "पोराचे आसत," एवढंच म्हणायच्या.

एका दसऱ्याला सोनं द्यायला गेलो, तर पाटावर कन्सोल, त्यावर झेंडूची माळ, आणि शेजारी चौदाच्या चौदा गेम मांडलेले. डब्यांच्या प्लास्टिकवर हळदकुंकू टिकत नाही म्हणून मावशींनी आतले छापील कागद बाहेर काढले होते आणि प्रत्येकाच्या कोपऱ्यात बोट टेकवलं होतं. मला हसू आवरेना. "अहो, गाडीची पूजा समजू शकतो. पण या गेममध्ये नुसत्या बंदुका आहेत!"

"मग ता तर शस्त्रच," मावशी म्हणाल्या. "दसऱ्याक पूजूकच व्हया. काय रे मेल्या, इतक्यापण कळना नाय?" आणि माझ्या हातावर साखरखोबरं ठेवलं.

पुढे त्यांची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली. भाड्याच्या खोलीत एकटीने राहण्यापेक्षा गावी, कुडाळजवळ भावाकडे जायचं त्यांनी ठरवलं. कन्सोल प्रशांतने मित्राला द्यायला सांगितला. राहिले गेम. एका दुपारी कापडी पिशवीत ते सगळे घेऊन मावशी माझ्या दुकानात आल्या. "भावाकडे रवाचा तर वहिनीक एक बरी साडी तरी नेऊक व्हयी. रिकाम्या हातान दुसऱ्याच्या घरात कशी जाव?" म्हणाल्या. "तुका काय वाटता ता दी."

आता माझा धंदा सांगतो. चार हजारांना घेतलेला गेम वर्षभरात विकायला आणला की त्याचे पाचशेही येत नाहीत, हे खरं आहे. नवीन भाग आला की मागचा मेला. हल्ली बरेच जण डाउनलोडच करतात. गिऱ्हाईक आलं की हे सगळं मी पाठ केल्यासारखं म्हणतो. मग डिस्क ट्यूबलाइटखाली धरून फिरवायची आणि "च्च" करायचं. काहीतरी खोट काढायचीच, कारण खोट काढली की माणूस आपोआप खाली येतो. हे मी रोज करतो. त्या दिवशीही केलं, आणि मला जीव लावणाऱ्या बाईपुढे केलं, याची मला आज लाज वाटते.

कारण खोट सापडेचना. एका डिस्कवर ओरखडा नाही, एक डबा तडकलेला नाही. पुसून पुसून आरशासारखं ठेवलेलं सगळं. मनातल्या मनात हिशेब केला, माझा नफा धरूनही चौदांचे मिळून चार हजार सहज देता येत होते. तेवढ्यात कागदाच्या कोपऱ्यातलं ते पिवळं-लाल बोट दिसलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मावशी, डाग आहेत हो सगळ्या कव्हरवर. भाव पडतो याने."

त्यांचा चेहरा एवढासा झाला. एक कागद बाहेर काढून त्या पदराने घासायला लागल्या. "माझीच चूक रे. माका काय म्हायत, असा आसता म्हणान." रंग पसरला, गेला नाही. मी बघत उभा होतो. राहू द्या, असं म्हणायला काय जात होतं? पण म्हटलं नाही.

"ओळखीचे म्हणून अकराशे देतो," मी म्हणालो. वर "ओळखीचे म्हणून"! मावशींनी नोटा कपाळाला लावल्या आणि पाकिटात ठेवल्या. दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी नारळाच्या वड्यांचा डबा आला. डाग असूनही निलेशने गेम घेतले, असं त्यांनी अख्ख्या बिल्डिंगला सांगितलं होतं. तीन माणसांनी मला थांबवून शाबासकी दिली. वड्या मी खाल्ल्या. चांगल्या झाल्या होत्या.

गावी जायच्या आदल्या दिवशी त्या निरोप घ्यायला आल्या. वहिनीसाठी घेतलेली साडी दाखवायला आणली होती. साधी सुती, दोनदा धुतली की विरेल अशी. "हीच बसली पैशात. बरी आसा मां?" मी मान हलवली. साडी पिशवीत घालता घालता त्यांची नजर माझ्या मागच्या काचेच्या कपाटावर गेली. तिथे त्यांचा गाडीचा गेम लावलेला. पसरलेलं हळदकुंकू कोपऱ्यात तसंच, आणि त्याच्या खाली माझ्या अक्षरातला स्टिकर : बाराशे.

मावशींनी चष्मा लावला. नीट वाचलं. चौदांचे मिळून अकराशे दिले होते मी, आणि हा एकटा बाराशेला.

"ही माझी गाडी मां?"

"मावशी, ते काय आहे, दुकानाचं भाडं, लाइट बिल, शिवाय कधी कधी महिनोन्‌महिने..." मी काय बडबडत होतो ते माझं मलाच कळत नव्हतं.

"लोक डागासकट घेतत?"

"घेतात."

"मग बरां," त्या म्हणाल्या. चष्मा काढून डबीत ठेवला. "माका आपली काळजी, माझ्या डागान तुझा नुकसान होतला म्हणान." टोमणा नव्हता हो तो. टोमणा असता तर मी सुटलो असतो. माझ्या डोक्यावरून हात फिरवून त्या गेल्या. गल्ला माझ्या हाताखाली होता. तो उघडायला मला जमलं नाही.

महिन्याभराने धीर करून मी फोन लावला. उरलेले पैसे पाठवतो म्हणायचं होतं. मावशींनी मला बोलूच दिलं नाही, आधी माझ्या आईच्या गुडघ्यांची चौकशी केली, मग विचारलं, "गाडी गेली काय रे माझी?" नाही म्हटलं. "जातली. हळू चालवणाऱ्याक दी." हसलो, फोन ठेवला, पैशांचं राहून गेलं. राहून गेलं कसलं, मी राहू दिलं. पावसाळा संपता संपता प्रशांतचा मेसेज आला, आई गेली.

गेल्या आठवड्यात एक माणूस आला. कपाटातला तोच गेम त्याला हवा होता. मी काढून दिला. त्याने उलटापालटा केला, कोपरा बघितला आणि माझ्यासारखंच "च्च" केलं.

"बॉस, डाग आहे इथे. कमी करा ना थोडे."

"डाग नाहीये तो," मी म्हणालो. "हळदकुंकू आहे. आणि हा विकायचा नाही."

तो वैतागून निघून गेला. मी डबा हातात धरून बसून राहिलो. किती सोपं वाक्य होतं. बोलायला एवढासा वेळ लागला. आणि ज्या बाईला ते ऐकायचं होतं, तिच्यासमोर मी ते गिळलं होतं.