पूजेतला फ्यूजबोर्ड

१९६४ साल, दसऱ्याचा दुसरा दिवस. शिरूरच्या आमच्या घरातला जुना लाकडी फ्यूजबोर्ड काढून नवा लोखंडी बसवायचे बेचाळीस रुपये ठरले, तेव्हा मी, पत्नी, माझे वडील आप्पा आणि वायरमन असे चौघे हजर होतो.

आप्पा दर खंडेनवमीला विळे-कोयत्यांबरोबर त्या बोर्डाचीही पूजा करत. यंदा त्यांनी पाणी जरा सढळ हाताने शिंपडले आणि फट् आवाज होऊन घरातली वीज गेली. त्या दिवशी वायरमनची पक्कडही पूजेत होती, दुसऱ्या दिवशी दसरा. दोन रात्री कंदिलावर काढल्या.

वायरमनने फ्यूज उघडला. आत कुंकू, अक्षता आणि झेंडूच्या पाकळ्या.

"आप्पा, हितं विजेला बसायला जागाच न्हाई की!"

"नवा बसव. पण पूजा मी करणार."

"मंग मी तारा जोडत न्हाई. पुढच्या वर्साला तुम्हालाच झटका बसंल."

"इतकी वर्सं न्हाई बसला."

"तुमची पुण्याई मोठी, पण तारंला कुठं ती कळती?"

आप्पा रुसून भिंतीकडे तोंड करून बसले. पत्नी मला म्हणाली, "कंदिलाची काच मी आज पुसणार नाही."

शेवटी तिनेच तोड काढली. जुना बोर्ड तारा काढून देवघराशेजारी टांगायचा. पूजा त्याची, उजेड नव्याचा.

आप्पांनी विचारले, "पाणी किती शिंपडलं तर चालंल?"

"बादली वता," वायरमन म्हणाला.

बेचाळीस रुपये वायरमनला दिले. आप्पांनी जुन्या बोर्डापुढे माझ्याकडून सव्वा रुपया दक्षिणा ठेववली आणि तीही त्यालाच दिली. एकूण सव्वात्रेचाळीस.