हात स्पष्ट दिसतील असा कॅमेरा

कॅमेरा घ्यायचं ठरवल्यापासून प्रत्येकानं मला एकच विचारलं, कशाला? मी ज्या रिसॉर्टच्या काउंटरवर बसते तिथल्या मंडळींना वाटलं, मी आता धबधब्यांचे रील काढणार. भावाला वाटलं, बहीण नोकरी सोडून चॅनल-बिनल सुरू करते आहे. खरं कारण मी बरेच दिवस कुणाला सांगितलं नाही. सांगितलं की ते खरं होईल अशी धास्ती होती. माझ्या आईचे हात आखडायला लागले होते, आणि माझी आई हातांनी बोलते.

आई जन्मापासून बहिरी आहे. तिनं शाळा पाहिली नाही, त्यामुळे बहिऱ्यांच्या शाळेत शिकवतात ती खुणांची भाषाही तिला येत नाही. तिची भाषा घरात तयार झाली. अर्धी माहेरी घोरावाडीला, ती आणि तिची धाकटी बहीण यांच्या खेळातून. उरलेली लग्नानंतर, वलवणला. वडील रेल्वेत होते, घाटातल्या रुळांवर. तिथल्या खुणा त्यांनी घरी आणल्या. जवळ झेंडी नसली तर गाडी थांबवायला रेल्वेचा माणूस दोन्ही हात डोक्यावर उभे करतो. आमच्या घरात ‘थांब’ म्हणजे तेच. आम्ही पोरं धरणाच्या बाजूला पळालो की आई अंगणात दोन्ही हात वर करून उभी राहायची आणि आम्ही जागच्या जागी थिजायचो. खंडाळा म्हणजे पंजा कड्यावरून खाली उतरवायचा. पुणे म्हणजे मनगटाकडे बघायचं, कारण पुण्याला जायचं तर गाडीची वेळ गाठायची. वडील म्हणजे शिट्टी. भाऊ म्हणजे गालावरची खळी. आणि मी म्हणजे नाकाचा शेंडा वर ढकलायचा, कारण लहानपणी मी सतत फुरंगटलेली असायचे. आता चाळिशी उलटली तरी माझं नाव तेच आहे, आणि ते बदलावं असं घरात कुणाला वाटलेलं नाही.

ही भाषा कुठे लिहून ठेवलेली नाही. वडील गेले. भाऊ चिंचवडला राहतो, तोही बरंच विसरला आहे. त्याच्या मुलांना आजीच्या जेव, ये, झोप एवढ्याच खुणा कळतात. बाकी सगळी भाषा आई, मावशी आणि मी, एवढ्या तिघींत उरली आहे.

डॉक्टरांनी कंपवात सांगितला तेव्हा मी मनाची तयारी केली ती थरथरीची. थरथर होतीच, पण हात मांडीवर ठेवलेले असताना. बोलायला उचलले की ती कमी व्हायची. होत होतं ते वेगळंच. आईच्या खुणा लहान व्हायला लागल्या होत्या. डोक्यावर जाणारे हात छातीशी थांबायचे, बोटं पुरती उघडायची नाहीत. मला रोज बघून ते फारसं जाणवत नव्हतं. मावशी घोरावाडीहून आली, दिवसभर आईसमोर बसली आणि निघताना दारात मला म्हणाली, “पोरी, आक्का लय बारीक बोलाया लागली गं. आदी कशी, पार गावाला ऐकू जाईल अशी बोलायची. आता मला दोनदा इचारावं लागतंय.” त्याच आठवड्यात मी कॅमेऱ्याचं मनावर घेतलं.

लोणावळ्याच्या बाजारात एक ओळखीचा फोटोग्राफर आहे. लग्नं करतो, आणि लग्नाआधी जोडप्यांना टायगर पॉइंटला धुक्यात उभं करून त्यांचे व्हिडिओ काढतो. त्यानं माझं बजेट विचारलं. मी सांगितलं. दवाखान्यात पेशंटच्या नातेवाइकांकडे बघतात तसं त्यानं माझ्याकडे बघितलं.

“बसवू त्यात, ताई. पण प्रोफेशनल दिसायला हवं ना? मग मागचं सगळं ब्लर पाहिजे. ब्लर नसलं की मोबाइलवर काढल्यासारखं वाटतं.”

प्रोफेशनल तर मला हवंच होतं. आईला लोकांनी आयुष्यभर हातवारे करणारी बाई म्हणूनच बघितलं. बाजारात पोरं तिची नक्कल करायची आणि मी त्यांच्या अंगावर धावून जायचे. एकदा तरी तिनं चांगलं पातळ नेसून, टीव्हीवर बातम्या देणारी बाई बसते तशी बसून बोलावं, अशी माझी फार इच्छा होती.

सुट्टीच्या दिवशी तो स्वतःचा महागडा कॅमेरा घेऊन घरी आला. म्हणाला, आधी ट्रायल बघा, मग त्यातल्या त्यात स्वस्त शोधू. आईला खुर्चीत बसवलं. ती पाच-दहा मिनिटं मजेत बोलली. मग त्यानं छोट्या पडद्यावर मला दाखवलं आणि म्हणाला, “बघा ताई, सिनेमा!”

खरंच सिनेमा होता. आईच्या चेहऱ्यावरची सुरकुती न् सुरकुती दिसत होती, डोळ्यांत खिडकी चमकत होती, मागची भिंत लोण्यासारखी वितळली होती. आणि छातीपुढे दोन फिकट गोळे हलत होते.

“हात कुठायत?” मी विचारलं.

“आहेत की.”

“हे हात आहेत?”

त्यानं समजावून सांगितलं. कॅमेरा चेहरा धरतो. हात चेहऱ्याच्या पुढे येतात, म्हणून मागची भिंत जशी ब्लर होते तसेच तेही होतात. त्यात चुकीचं काही नाही, सगळे असंच काढतात. मी त्याच्यावर उखडले. म्हटलं, “यात माझी आई तोंड मिटून नुसती बसली आहे. गाण्याच्या कार्यक्रमाचा आवाज बंद करून दाखवलास तू मला.” बिचाऱ्याचं तोंड उतरलं. आई आमच्या दोघांच्या चेहऱ्यांकडे आळीपाळीनं बघत होती. तिनं माझ्याकडे बघून नाकाचा शेंडा वर ढकलला.

त्याच्यावर राग निघाला तो तसा जुनाच होता. भावाच्या लग्नात सुनेला ओवाळल्यावर आई तिच्याशी खूप वेळ बोलली होती. व्हिडिओत ते सगळं आहे, पण गळ्यापर्यंतच. चेहरा आहे, डोळ्यांतलं पाणी आहे, बांगड्यांचा आवाज आहे. ती काय म्हणाली ते नाही. मी शेजारीच उभी होते, पण त्या गडबडीत मलाही धड आठवत नाही. वहिनी अजून विचारते आणि मी काहीतरी जोडून सांगते.

मग आमचे प्रयोग सुरू झाले. फोटोग्राफरनंही ते मनाला लावून घेतलं होतं. मोबाइलवर काढून पाहिलं, तर बोटं ओल्या रंगावरून फडका फिरवल्यासारखी फरफटायची. त्यानं कारण सांगितलं. लेन्सचं तोंड बारीक केलं की पुढचं-मागचं सगळं स्पष्ट येतं, पण अंधारतं. बोटं फरफटू नयेत म्हणून शटर जलद चालवायचं, की आणखी अंधारतं.

“म्हणजे काय करायचं?”

“उजेड पाहिजे, ताई. भरपूर.”

ऑगस्ट चालू होता. आम्ही दोघांनी खिडकीतून बाहेर बघितलं. समोरचं घर दिसत नव्हतं. आमच्याकडे या दिवसांत भर दुपारी दिवा लावून भाजी निवडावी लागते.

त्यानं पोटमाळ्यावरून लग्नांचा एक जुना व्हिडिओ कॅमेरा काढून आणला. तो सगळंच स्पष्ट दाखवतो, ब्लर-बिलर काही नाही, म्हणूनच आता कुणी वापरत नाही, म्हणाला. उजेडाला धरला तर लेन्सच्या आत बुरशीची जाळी धरली होती. लोणावळ्याची ओल कपाटातल्या चपला सोडत नाही, ती कॅमेऱ्याला काय सोडणार.

शेवटी जे घेतलं ते असं. एक वापरलेला साधा कॅमेरा, फॅशनमधून गेलेला. त्याच्याबरोबर डब्यात येते तीच लेन्स. ज्या महागड्या लेन्सनं ब्लर येतं तिच्यावर पाणी सोडलं. वाचलेले सगळे पैसे उजेडावर घातले, म्हणजे स्टँडवरचे दोन मोठे एलईडी दिवे. फोटोग्राफर माइकसाठी अडून बसला. व्हिडिओत अर्धं काम आवाजाचं असतं, तिथे कंजूषी करू नका, असं तो परत परत सांगत राहिला. मी म्हटलं, “यात ऐकायला काही नाहीये रे.” त्यानं माइकचा विषय सोडला. मग म्हणाला की मागे गडद निळी चादर लावा आणि आईंना बिनफुलांचा गडद ब्लाउज घालायला सांगा, म्हणजे हात उठून दिसतील.

चादर लावली. मावशीला बोलावून घेतलं, कारण आई सगळ्यात मोकळी बोलते ती तिच्याशी. तिला कॅमेऱ्याला खेटून बसवलं. आई कमरेपासून डोक्यापर्यंत चौकटीत, वर हातभर जागा मोकळी. सण असल्यासारखी ती नटून बसली होती. धरणाबद्दल बोलली, वडिलांबद्दल बोलली, नवी नवरी म्हणून वलवणला आली तेव्हा सासूला आपलं बोलणं कसं शिकवलं ते बोलली. मावशी हसून हसून डोळे पुसत होती. मी पडद्यावर बघत होते. प्रत्येक बोट, प्रत्येक पेर दिसत होतं. मला वाटलं, जमलं.

दुपारी ते टीव्हीला जोडून आईला दाखवलं. तिनं स्वतःला बोलताना पहिल्यांदाच समोरून बघितलं. सुरुवातीला पातळाच्या निऱ्यांवर खूश झाली. मग हळूहळू पुढे सरकून बसली. टीव्हीतली आई धरणाची गोष्ट सांगत होती, ‘थांब’ म्हणत होती, आणि हात गळ्याच्याही वर जात नव्हते. वर सोडलेली हातभर जागा तशीच निळी राहिली होती. ज्याला ठाऊक नाही त्याला वाटलं असतं, ही बाई पदर सारखा करते आहे.

आईनं टीव्हीकडे बोट केलं. मग अंगठा आणि पहिलं बोट जवळ आणून चिमूट दाखवली. मग स्वतःकडे बोट. मी एवढंसं बोलते?

मला खोटं बोलायचं होतं. पण आमच्या भाषेत खोटं बोलायला चेहराही लागतो, आणि तो माझा मला आवरेना. मी मान हलवली. मावशी उठून स्वयंपाकघरात गेली.

मी टीव्ही बंद केला, तरी आई काळ्या पडद्याकडे बघत बसली. मला स्वतःचाच संताप आला. इतकी यातायात करून मी तिला हेच इतकं स्वच्छ दाखवलं होतं. त्या ब्लर गोळ्यांत निदान तिची लाज झाकली गेली असती.

मग ती उठली. माझं मनगट धरून तिनं मला निळ्या चादरीपुढच्या खुर्चीत बसवलं, दिवे लावायला लावले, आणि स्वतः कॅमेऱ्यामागे जाऊन उभी राहिली. चहा घेऊन आलेली मावशी म्हणाली, “तुला बोल म्हनतीया. ती बघनार हाय.” रेकॉर्डिंगचं लाल बटण कुठलं ते आईनं सकाळीच बघून ठेवलं होतं.

मी ‘थांब’ केलं. तिनं हनुवटीनंच खुणावलं, आणखी वर. खांदे दुखेपर्यंत मी हात ताणले. खंडाळा केला, तर तिनं पुढे येऊन माझा पंजा धरून कड्यावरून नीट खाली उतरवला. वडिलांची शिट्टी मी एका बोटानं करते. तिनं ठामपणे दोन बोटं दाखवली. वलवण, घोरावाडी, पाऊस, माकडं, बंगल्यांत सुट्टीला येणाऱ्या बाया. ती विचारत गेली, मी बोलत गेले, चुकलं तिथे ती पुन्हा करायला लावत होती. मग घरची माणसं आली. वडील. भाऊ. मावशी. नाक वर ढकलून मी.

मग तिनं विचारलं, मी?

मी तिच्याकडे बोट केलं. दुसरं काय करणार?

तिनं नाही म्हटलं. कॅमेऱ्याचा छोटा पडदा फिरवून माझ्याकडे वळवला आणि पुन्हा करायला लावलं. मी पडद्यात बघितलं. त्यात मी, निळी चादर, आणि चौकटीबाहेर रोखलेलं माझं बोट. जो कुणी हे बघेल त्याच्याकडे रोखलेलं. आई त्यात कुठेच नव्हती.

तिनं तळहात सरळ पुढे नेला, रुळावरून काही जावं तसा, आणि शेवटी मूठ उघडली. वडील गेले तेव्हापासून ‘गेलं’ म्हणायला आमच्याकडे हीच खूण आहे. मग स्वतःकडे बोट. मग हात उताणा, कोण?

“आक्का, असं वंगाळ बोलू न्हाई,” मावशी मोठ्यानं म्हणाली, आणि म्हटल्यावर आईला ते ऐकू जाणार नाही हे तिच्या लक्षात आलं असावं, कारण तिनं तोंडाला पदर लावला.

घरातल्या प्रत्येकाला खुणेचं नाव होतं. आईला नव्हतं. आम्ही आपापसांत तोंडानं ‘आई’ म्हणायचो, आणि तिच्याशी बोलताना ती समोर असायचीच. ती नसताना तिच्या भाषेत तिच्याबद्दल बोलायची वेळ कधी आली नव्हती.

आई वाट बघत होती. लाल ठिपका जळत होता. मला रडू फुटलं होतं आणि दिवे सरळ तोंडावर होते. आई आम्हाला कधी नावानं हाक मारू शकली नाही. मागून यायची आणि खांद्यावर दोन थापा मारायची. जेवायला चल, ऊठ, शाळेला उशीर होतोय, सगळ्याची सुरुवात त्या दोन थापांनी. मी उजवा हात डाव्या खांद्यावर नेला आणि दोनदा थोपटलं.

ती कॅमेऱ्यामागून आली, माझ्या पाठीशी उभी राहिली, आणि मी फार हळू केलं म्हणून तिनं स्वतः करून दाखवलं. दोन थापा, चांगल्या लागतील अशा. व्हिडिओत तिचा चेहरा नाही, दंडापासून पुढचा हात तेवढा आहे. बोटं सगळी उघडी आहेत.

भावाच्या मुलांनी तो व्हिडिओ बघून ती खूण उचलली आहे. मी मात्र ती अजून वापरलेली नाही. आई समोर बसलेली असते, तिच्याकडे नुसतं बोट केलं की भागतं.